तासगावहून आणलेलं रक्त

“माझंबी घ्या,” असं म्हणून भूपाल चौगुले शर्टाची बाही वर सारून माझ्यासमोर बाजेवर बसले, तेव्हा मला मनापासून बरं वाटलं होतं. सुई पाहून तोंड न फिरवणारा पुरुष मी दोन वर्षांत पहिल्यांदाच पाहत होते. त्यांची बायको त्रिशला हिच्या दंडावरचा रबरी पट्टा मी नुकताच सोडला होता. तिच्या रक्ताची नळी डब्यात बर्फावर ठेवली होती, आणि डब्यात आणखी एका नळीला जागा होती.

“तुम्हाला काय झालंय?” मी विचारलं.

“मला काय धाड भरलीय? तुमीच मागं म्हणाला की, निरोगी माणसाचं रक्तबी लागतं म्हणून. माझ्याएवढा निरोगी तुमाला मिरजेत गावायचा न्हाई. घ्या.”

त्रिशला उशीला टेकून हसली. हसणंसुद्धा ती बेतानंच करायची, पण त्या दिवशी खुशीत होती. मी भूपालरावांचं रक्त काढलं, नळीवर चिठ्ठी चिकटवली आणि डब्याचं झाकण लावलं. चहा घेतल्याशिवाय त्या घरातून कुणाला सोडत नसत, तो घेतला आणि एसटी गाठली.

हे अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीतलं. मी तेव्हा चाळिशीची होते, मिरजेतल्या एका संशोधन संस्थेत जीवरसायनशास्त्रज्ञ होते आणि थकव्याच्या मागे लागले होते. साधा थकवा नव्हे. एखादा ताप येऊन जातो, माणूस बरा झाला म्हणून घरचे देवापुढे नारळ फोडतात, आणि मग तो माणूस पुन्हा धड उभाच राहत नाही. झोपून थकवा उतरत नाही, आणि जरा काम केलं की दुसऱ्या दिवशी दुपटीनं अंगावर येतो. पुस्तकात त्याला क्रॉनिक फटीग सिंड्रोम असं भारदस्त नाव होतं. कारण मात्र कुणालाच माहीत नव्हतं, आणि नेहमीच्या सगळ्या तपासण्या चोख यायच्या. त्यामुळे घरोघरी त्या आजाराला एकच नाव होतं, सोंग. आमच्या विभागप्रमुखांनी माझा प्रस्ताव वाचून ‘थकवा तर मलाही येतो, माझंही रक्त तपासा’ असा विनोद केला होता, आणि तोच विनोद ते दोन वर्षं न कंटाळता करत होते.

त्रिशला एकतीस वर्षांची. लग्नाआधी शाळेत शिकवायची. लग्नानंतर तासगावच्या पलीकडे मळ्यातल्या वस्तीवर आली आणि सासूच्या बरोबरीनं द्राक्षाच्या विरळणीला उभी राहू लागली. ब्याण्णव साली तिला ताप आला, तीन आठवडे राहिला आणि गेला. जाताना तिची ताकद घेऊन गेला. मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अंघोळ केली की केस विंचरायला दुसरा दिवस उजाडावा लागायचा, इतकी ती दमायची. सासूबाईंनी मला दाराशीच गाठून विचारलं होतं, “जेवती तर चांगलं, डॉक्टरीणबाई. जेवताना कशी दमत न्हाई?” भूपालराव तेव्हा माझ्याशी बोललेही नव्हते. बायकोच्या खोलीत मी असताना ते अंगणात फवारणीचा पंप धूत बसले होते, आणि तो पंप आधीच स्वच्छ होता.

मी शोधत होते ते लॅक्टेट. आपण धावून आलो की ते रक्तात वाढतं आणि बसलो की उतरतं. माझा तर्क असा होता की ह्या लोकांच्या शरीरात ऊर्जा तयार करण्याचं काम कुठेतरी अडलंय, म्हणून ते पडल्या पडल्याही धावल्यासारखे दमतात. निरोगी माणसाचा आकडा दोनच्या आत असतो. माझ्या तेवीसही रुग्णांचे आकडे साडेतीनच्या पुढे आले. निरोगी म्हणून ज्या एकोणीस जणांचं रक्त घेतलं होतं, त्यांच्यात एकही दोनच्या वर गेला नाही. असा स्वच्छ निकाल आयुष्यात एकदा मिळाला तरी पुष्कळ. मी हरखून गेले होते, आणि ते लपवायचा प्रयत्नही करत नव्हते.

डिसेंबरात त्रिशलानं मला तिचा आकडा कागदावर लिहून मागितला. संशोधन पुरं व्हायच्या आत असे कागद वाटायचे नसतात, हे मला ठाऊक होतं. पण तिनं कधी काही मागितलं नव्हतं, आणि माझ्यानं नाही म्हणवलं नाही. संस्थेच्या छापील कागदावर मी तिचं नाव लिहिलं, ३.८ हा आकडा लिहिला, निरोगी माणसाचा किती असतो ते लिहिलं आणि खाली सही केली.

भूपालरावांनी तो कागद तासगावला नेऊन लॅमिनेट करून आणला. आईला वाचून दाखवला, भावकीत दाखवला, द्राक्ष बघायला आलेल्या व्यापाऱ्यालासुद्धा दाखवला. त्या दिवसापासून घरात सोंग हा शब्द बंद झाला. धुण्याभांड्याला बाई आली. सासूबाई सुनेच्या ताटात आपल्या हातानं तूप वाढू लागल्या. अंघोळीनंतर भूपालराव स्वतः मागे बसून तिचे केस विंचरतात, हे तिनं मला सांगितलं तेव्हा ती लाजून लाल झाली होती.

“सहा वर्षांत पहिल्यांदा मी दुपारी दार लावून न घेता झोपते, मॅडम,” ती म्हणाली होती.

भूपालरावांनी बाही वर सारली ती ह्या सगळ्यानंतर. बायकोच्या आजाराच्या कामी आपलंही काही लागावं, असं त्यांना वाटत होतं.

आमच्या प्रयोगशाळेत शब्बीर इनामदार हे तंत्रज्ञ होते. माझ्याहून दहा वर्षांनी मोठे आणि बोलायला अतिशय काटकसरी. दुसऱ्या दिवशी त्यांनी आकड्यांचा कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि नेहमीसारखे निघून न जाता उभे राहिले.

“मॅडम, बाईंचा तीन पॉइंट सात. मालकांचा चार.”

“कुणाचा चार?”

“मालकांचा. त्यांनाही तोच आजार दिसतोय.”

त्यांच्या आवाजात थोडी थट्टा होती, पण मला ती ऐकूच आली नाही. मी वहीत ‘संसर्ग?’ असं मोठ्या अक्षरात लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. एका घरात राहणाऱ्या दोघांच्या रक्तात एकच गोष्ट, एकाला लक्षणं आणि दुसऱ्याला नाहीत! दोन दिवस मी त्यावर डोकं चालवत होते. बाकीच्या बावीस घरांतल्या लोकांचंही रक्त कसं मिळवायचं, त्याची यादी करत होते. आज ती वही उघडली की त्या दोन रेघांची मला लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी इनामदार पुन्हा आले. ह्यावेळी आवाजात थट्टा नव्हती.

“माझा आकडा तुमच्या वहीत आहे. एक पॉइंट दोन. आज पुन्हा माझं रक्त काढा. फक्त लगेच यंत्रात फिरवू नका. तुमच्या डब्यात घाला, तासगावची एसटी पकडा आणि परत या.”

“कशाला?”

“तुम्ही जाऊन या. मग बोलू.”

मी त्यांचं रक्त काढलं आणि नळी डब्यात बर्फावर ठेवली. तशीच एसटी गाठली. मांडीवर डबा घेऊन खिडकीशी बसले आणि तासगावच्या स्टँडवर उतरून दुसऱ्या एसटीनं परत फिरले. सांगली येईपर्यंत बर्फाचं पाणी झालं होतं, आणि गाडीनं वळण घेतलं की ते डब्यात हेलकावत होतं. तो आवाज मी दोन वर्षं ऐकत आले होते.

इनामदारांचा आकडा चार पॉइंट एक आला.

रक्त शरीराबाहेर काढलं म्हणून लगेच मरत नाही. नळीतही ते जगत राहतं, आपल्यातली साखर खात राहतं आणि लॅक्टेट टाकत राहतं. म्हणून रक्त काढलं की ते काही मिनिटांत यंत्रात घालून फिरवायचं, म्हणजे त्यातल्या पेशी खाली बसतात आणि हा उद्योग थांबतो. तो थांबवणारं औषध घातलेल्या नळ्याही मिळतात. आमच्याकडच्या संपल्या होत्या, नव्यांची मागणी वर्षभर कुठल्याशा टेबलावर पडून होती, आणि मी बर्फावर विसंबले होते.

आमची निरोगी माणसं म्हणजे कारकून, ग्रंथपाल, विद्यार्थी. ते जिना उतरून यायचे, हात पुढे करायचे, आणि पाच मिनिटांत त्यांचं रक्त यंत्रात फिरत असायचं. रुग्णांना मात्र मी मिरजेला बोलवत नव्हते. प्रवासानं ती माणसं आठवडाभर आडवी पडतात, म्हणून मी त्यांच्या घरी जायची, आणि ह्या माझ्या पद्धतीचा मला फार अभिमान होता. त्यांचं रक्त दोन-दोन तास एसटीत असायचं. तेवीस माणसांच्या नावापुढे मी एसटीचा प्रवास मोजून लिहिला होता. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या मुलांना ही चूक करू नका म्हणून मी स्वतः शिकवत होते.

इनामदारांनी माझ्यासमोर पाण्याचा पेला ठेवला. मी म्हटलं, सगळ्यांना कळवायला हवं, आणि आधी तासगावला, कारण तिथे माझ्या सहीचा कागद आहे.

“सांगायला तर पाहिजेच,” ते म्हणाले. “पण काय सांगायचं ते नीट ठरवून जा.”

मला त्याचा जरा रागच आला. ठरवायचं काय त्यात? चूक झाली, ती चूक होती असं सांगायचं. हैदराबादच्या परिषदेला पाठवलेला निबंध मी त्याच आठवड्यात मागे घेतला. विभागप्रमुखांनी कारण ऐकलं आणि त्या दिवशी विनोद केला नाही, त्यानंच मी जास्त ओशाळले.

फेब्रुवारी संपता संपता मी मळ्यावर गेले. बेदाण्याचे दिवस होते. शेडमध्ये जाळ्यांवर द्राक्षं वाळत होती, आणि आवारभर गोडसर, थोडा आंबूस वास होता. सगळं घर शेडकडे होतं. त्रिशला बाहेरच्या सोप्यात बाजेवर पडली होती, दार सताड उघडं होतं. मला पाहून ती उठून बसली. बसायला तिला मदत लागली नाही. ह्या दोन महिन्यांत तिची तब्येत थोडी सुधारली होती. निवांत पडायला मिळालं की ह्या आजारात एवढं तरी होतं.

मी आडपडदा ठेवला नाही. नळीत रक्त काय करतं ते सांगितलं, डब्याचं सांगितलं, इनामदारांच्या रक्ताचं सांगितलं, भूपालरावांच्या आकड्याचं सांगितलं. ती शिक्षिका होती, तिला सगळं समजलं. मधे तिनं एकदाच विचारलं की ह्यांचा आकडा माझ्याहून जास्त आला का, आणि मी हो म्हटलं.

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

“हे ह्यांना सांगायलाच पाहिजे का?” तिनं विचारलं.

“त्यांचंही रक्त घेतलंय मी, त्रिशलाताई. आणि तो कागद चुकीचा आहे. माझी सही आहे त्यावर.”

“हं. मग सांगा.” तिनं पदर सोडला. “मला एक सांगाल? तो आकडा गेला. ठीक आहे. पण मी आजारी आहे का, मॅडम?”

आमच्या धंद्यात एक वाक्य फार मानाचं आहे. ते ज्याला म्हणता येत नाही तो खरा संशोधक नव्हे, असं मला माझ्या गुरूंनी शिकवलं होतं आणि मी पुढच्यांना शिकवलं होतं. दोन वर्षं मी एका खोट्या आकड्यावर नाचत होते. आता पुराव्यापलीकडे एक अक्षर बोलायचं नाही, असं मी स्वतःला बजावून आले होते. तिच्या डोळ्यांत बघत मी ते मानाचं वाक्य म्हटलं.

“मला माहीत नाही.”

तिनं मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर काही विशेष दिसलं नाही, आणि मला वाटलं, किती समजूतदार बाई आहे.

भूपालराव शेडमधून आले, हात चिकट झालेले. मी त्यांना उभ्या उभ्याच सांगितलं. त्यांना नळीतलं शास्त्र कळलं की नाही कोण जाणे, पण मुद्दा कळला. ते आत गेले आणि तो लॅमिनेट केलेला कागद घेऊन आले. फाडायला गेले तर तो फाटेना. मग त्यांनी तो माझ्या हातात दिला.

“घेऊन जावा तुमचा तुमी,” ते म्हणाले. “म्हंजे रक्तात काय न्हाई हिच्या.”

“दिसलेलं नाही,” मी म्हटलं.

“तेच की.”

चहाचं कुणी विचारलं नाही. परतीच्या एसटीत मी खजील होते, पण त्याखाली थोडं समाधानही होतं, हे कबूल केलं पाहिजे. अवघड गोष्ट मी टाळली नव्हती. बाकीच्या बावीस जणांनाही पुढच्या महिन्यात मी असंच सांगत गेले, आणि दर वेळी ते समाधान पदरात पाडून घेत गेले.

मग मी सगळं काम पहिल्यापासून सुरू केलं. नळ्या आल्या. हातानं फिरवायचं एक छोटं यंत्र मिळवलं, म्हणजे रुग्णाच्या घरातच, त्याच्या बाजेशेजारी बसून रक्त फिरवता यावं. एकेका घरी पुन्हा जाऊ लागले. त्रिशलाचं घर मी मागे मागे ढकलत राहिले. लांब आहे, असं इनामदारांना सांगायची.

जुलैत अखेर गेले. अंगणात सासूबाई ओट्यावर बसून कोंबड्या हाकलत होत्या. तोंडानं अजिबात आवाज न करता, नुसती काठी हलवून. मला पाहून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि काठीनंच आतल्या बाजूला खूण केली. भूपालराव बाहेर आले. मी त्यांना ओळखलं, पण क्षणभर वेळ लागला. त्यांची दाढी वाढली होती आणि त्यांच्या पायांत काही नव्हतं. चपलेचा आवाज होतो म्हणून घरात आता सगळेच अनवाणी असतात, हे मला मागाहून कळलं. त्यांनी मला गोठ्यापलीकडे नेलं आणि तिथेही ते हळूच बोलले.

फेब्रुवारीत मी येऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी त्रिशला पहाटे पाचला उठली होती. अंघोळ केली, स्वतःचे केस स्वतः विंचरले आणि शेडवर आली. भूपालराव म्हणाले, झोप जा. ती म्हणाली, मॅडमनाच माहीत नाही म्हणतात, मग मी कुणाच्या जिवावर झोपून राहू? तिनं बेदाणा निवडला. पाट्या उचलल्या. बायकांना चहा करून नेला. रात्री तिचे हातपाय थरथरत होते, तरी सकाळी पुन्हा उठली. भावकीतल्या बायका म्हणाल्या, बघा, मनावर घेतलं की होतंय. सासूबाईंनी तिची दृष्ट काढली.

“मीबी खूश झालो, मॅडम,” भूपालराव म्हणाले. “सतरा दिवस मी लई खूश होतो. ती पडायला आली तर म्हणायचो, अजून थोडं, अजून थोडं. मी तिच्याकडनं पाट्या उचलून घेतल्या.”

अठराव्या दिवशी तिला उशीवरून मान उचलता आली नाही. ती त्यानंतर उठलेलीच नव्हती. उजेड सहन होत नाही म्हणून खिडकीला पोती ठोकली होती. आवाज सहन होत नाही. कुणी अंगाला हात लावलेला सहन होत नाही. पेज चमच्यानं भरवावी लागते, आणि चार चमचे झाले की ती डोळे मिटते. सांगलीला दोन मोठ्या दवाखान्यांत नेलं होतं. सगळ्या तपासण्या चोख आल्या. नेण्याआणण्यानं ती आणखी खालावली, म्हणून आता नेत नाहीत.

हे सगळं सांगताना ते माझ्यावर एकदाही चिडले नाहीत. चिडले असते तर मला जरा श्वास घेता आला असता.

माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडे त्यांचं लक्ष गेलं. “रक्त काढायला आलाय?”

“आले होते. आता नाही काढणार.”

ते गोठ्याच्या खांबाला टेकले. “मग एवढं तरी सांगा. ती आजारी हाय का?”

“आहेत,” मी म्हटलं.

“रक्त न बघता?”

“न बघता.”

“आणि हे तवा ठाऊक न्हवतं तुमाला?”

ठाऊक होतं. दोन वर्षं मी तेवीस घरांत तेच बघत होते. केस विंचरायला दुसऱ्या दिवसाची वाट बघणारी बाई आजारी आहे, हे कळायला नळी लागत नाही. मी नळी घेऊन घरोघर फिरायला लागले तीच ते ठाऊक होतं म्हणून. कारण मला माहीत नव्हतं. तिनं कारण विचारलंच नव्हतं. तिनं जे विचारलं त्याचं उत्तर माझ्याकडे होतं, आणि मी ते माझ्या चुकीचं प्रायश्चित्त म्हणून गिळलं होतं. प्रायश्चित्त माझं, आणि पाट्या तिनं उचलल्या.

“होतं,” मी म्हटलं.

भूपालरावांनी मान हलवली. मग म्हणाले, “तिला सांगा जावा. हळू बोला. एकदाच सांगा.”

मी चपला काढल्या, पिशवी ओट्यावर ठेवली आणि आत गेले. खोलीत डोळे सरावेपर्यंत मला काही दिसलं नाही. मग बाजेवर एक लहान मुलीएवढी आकृती दिसली. केस कापून टाकले होते. कानांत कापूस होता, म्हणून मी बाजेशेजारी गुडघ्यांवर बसून तिच्या कानाजवळ तोंड नेलं.

“त्रिशलाताई, तुम्ही आजारी आहात. आकडा खोटा होता. आजार खरा आहे. मी त्या दिवशी हे सांगायला हवं होतं.”

ती हलली नाही. तिला ऐकू आलं की नाही ते मला कळेना, आणि पुन्हा सांगायची मला परवानगी नव्हती. मी तशीच बसून राहिले. मग तिचे ओठ हलले. एकेका शब्दासाठी ती थांबत होती, आणि मधल्या वेळात मी तिचा श्वास मोजत होते.

“मला माहीत होतं,” ती म्हणाली. “मी उगीच तुम्हाला विचारलं.”

भूपालरावांनी दारातून मला खूण केली आणि मी बाहेर आले. दहा दिवसांनी त्यांनी संस्थेत फोन केला. आता येऊ नका, असं सांगायला. माझ्याशी तेवढं बोलल्यानंतर त्रिशलाच्या तोंडून शब्द फुटला नव्हता, आणि पाणीसुद्धा तिला कापसाच्या बोळ्यानं द्यावं लागत होतं.